प्रसूतीचा प्रारंभ : कळांचे बदलते स्वरूप

नवव्या महिन्यातील एखाद्या रात्री गरोदर स्त्रीला झोपेतून जाग येते. कंबरेपासून ओटीपोटापर्यंत काहीतरी आवळल्यासारखे वाटते, पोट हाताला घट्ट लागते आणि अर्ध्या मिनिटात सर्व पूर्ववत होते. ती आईला किंवा सासूला उठवते. घरात एकच प्रश्न उभा राहतो : वेळ भरली की काय? रुग्णालय हाकेच्या अंतरावर असेल, तर या प्रश्नाचे उत्तर थोडे चुकले तरी फारसे बिघडत नाही. परंतु वाटेत नदी, घाट किंवा वीस-पंचवीस किलोमीटरचा कच्चा रस्ता असेल, तर उशिरा निघालेल्या स्त्रीचे बाळंतपण वाटेतच होण्याचा संभव असतो. उलट, फार लवकर धावपळ केल्यास तिला परत पाठविले जाते. पुढच्या खेपेस निघताना मग घरची मंडळी नको तितकी सावध होतात.

ही कळ खरी की खोटी, हे एका कळेवरून कोणासही सांगता येत नाही. अनुभवी सुईणीला नाही आणि निष्णात डॉक्टरलाही नाही. मात्र एकामागून एक येणाऱ्या अनेक कळांचा क्रम पाहिला, म्हणजे त्यातून उत्तर मिळते. हा क्रम कसा बदलतो आणि तो तसा का बदलतो, याचा विचार या पाठात केला आहे.

१. स्नायूंची पिशवी

गर्भाशय हे स्नायूंचे बनलेले पोकळ इंद्रिय होय. गर्भधारणेपूर्वी त्याचे वजन सुमारे ७० ग्रॅम असते. दिवस भरेपर्यंत ते सुमारे १ किलोग्रॅम किंवा थोडे अधिक होते. त्याच्या वरच्या घुमटाकार भागाला माथा म्हणता येईल. खालचा अरुंद भाग म्हणजे गर्भाशयाची मान. तिला ग्रीवा म्हणतात. ग्रीवेतील वाट गरोदरपणी घट्ट श्लेष्म्याच्या बुचाने बंद असते.

माथा आणि ग्रीवा यांची कामे परस्परविरुद्ध आहेत. माथ्यात स्नायूंचे प्रमाण अधिक, तर ग्रीवेत चिवट तंतूंचे. नऊ महिने माथ्याने शांत राहावयाचे आणि ग्रीवेने दार लावून धरावयाचे, अशी जणू वाटणी झालेली असते. प्रसूतीच्या प्रारंभी ही वाटणी उलटते : माथा काम करू लागतो आणि ग्रीवा मऊ होऊन वाट देऊ लागते.

२. सरावाच्या कळा

गर्भाशय नऊ महिने अगदी निश्चल असते, असे मात्र समजू नये. लंडनचे प्रसूतितज्ज्ञ जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी १८७२ साली असे दाखवून दिले की, संपूर्ण गरोदरपणात गर्भाशय अधूनमधून आवळले जाते व सैल पडते. ही आकुंचने बहुधा वेदनारहित असतात आणि त्यांना आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. घरगुती भाषेत त्यांना खोट्या कळा म्हणतात. वस्तुतः त्यांत खोटे काही नाही. आकुंचन खरोखरच होत असते. केवळ त्यामुळे ग्रीवा उघडत नाही, एवढाच भेद.

या कळांना नियम नसतो. एक आली की दुसरी दहा मिनिटांनी येईल, तिसरी तासाभराने येईल किंवा येणारही नाही. त्यांचा जोर वाढत जात नाही. कूस बदलली, थोडे चालले, पाणी प्याले किंवा झोप लागली की त्या बहुधा नाहीशा होतात. खऱ्या कळा अशा उपायांनी थांबत नाहीत. त्या पुष्कळदा कंबरेत सुरू होऊन पुढे ओटीपोटाकडे येतात. आणि त्या एकमेकींच्या जवळ येत जातात.

३. अनेकांचे बळ एका वेळी

सरावाच्या कळांनी ग्रीवा उघडत नाही, याचे कारण स्नायूंच्या रचनेत आहे. गर्भाशयाच्या भिंतीत कोट्यवधी स्नायुपेशी असतात. गरोदरपणी त्या एकमेकींशी फारशा जोडलेल्या नसतात; म्हणून आकुंचन एखाद्या भागापुरते होते आणि तेथेच विरते. दिवस भरत आले म्हणजे शेजारशेजारच्या पेशींना जोडणारी अतिसूक्ष्म द्वारे मोठ्या संख्येने तयार होतात. त्यांतून विद्युत्‌-संदेश एका पेशीतून दुसरीत सहज जातो आणि सर्व गर्भाशय एकजुटीने आवळले जाऊ लागते.

जत्रेतील रथ शेकडो लोक ओढतात. प्रत्येकाने आपल्या सोयीने दोर ओढला तर रथ जागचा हलत नाही. आरोळीसरशी सर्वांनी एकदम ओढले म्हणजे त्याची चाके फिरतात. माणसे तीच आणि दोरही तोच. प्रसूतीच्या प्रारंभी गर्भाशयात होणारा बदल याच जातीचा आहे. आरंभीच्या कळा अनियमित व दुबळ्या का असतात, हेही त्यावरून कळते : त्या वेळी सर्वांचा ताल अजून जमलेला नसतो.

या क्रियेचे पहिले सूक्ष्म मापन दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशात झाले. तेथील माँटेव्हिडिओ शहरात हेर्मोहेनेस आल्वारेझ आणि रोबेर्तो काल्देयरो-बार्सिया या संशोधकांनी १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून गर्भाशयातील दाब प्रत्यक्ष मोजण्यास सुरुवात केली. त्यांना असे आढळले की, नियमित कळ गर्भाशयाच्या माथ्याकडे, बीजवाहिनी जेथे जोडलेली असते त्या कोपऱ्याजवळ उगम पावते. तेथून ती सेकंदाला सुमारे २ सेंटिमीटर या वेगाने खाली पसरते आणि सुमारे १५ सेकंदांत सर्व गर्भाशय व्यापते. माथ्याकडे आकुंचन आधी सुरू होते, अधिक काळ टिकते आणि अधिक जोराचे असते. खाली येता येता या तिन्ही गोष्टी कमी होतात. वरचा भाग खालच्या भागावर अशी मात करतो, म्हणूनच बाळ खाली सरकते व ग्रीवा वर ओढली जाते.

४. ग्रीवा कशी उघडते

हाताचा स्नायू आखडतो आणि नंतर पुन्हा पूर्ण लांब होतो. गर्भाशयाच्या वरच्या भागातील स्नायू तसे करीत नाही. प्रत्येक कळेनंतर तो सैल पडतो खरा, पण पूर्वीइतका लांब होत नाही. किंचित आखूडच राहतो. पुढची कळ त्या आखूड स्थितीपासून सुरू होते. असे होता होता गर्भाशयाचा वरचा भाग जाड व आखूड होतो, तर खालचा भाग पातळ होऊन ताणला जातो. कळ ओसरली तरी तिने केलेले काम थोडेसे शिल्लक राहते, ही या स्नायूची खरी किमया होय.

या ओढीने प्रथम ग्रीवेची लांबी कमी होते. एरवी ३ ते ४ सेंटिमीटर लांब असलेली ही मान हळूहळू वर ओढली जाऊन कागदासारखी पातळ होते. नंतर तिचे तोंड रुंदावू लागते. नाडीने आवळलेल्या बटव्याचे उदाहरण येथे घेता येईल : बटव्याचा गळा आधी सैल होऊन वर सरकतो, मग तोंड उघडते. पहिलटकरणीत या दोन क्रिया बहुधा एकीमागून एक होतात. ज्या स्त्रीची पूर्वी बाळंतपणे झालेली आहेत, तिच्यात त्या बरोबरीने चालतात. म्हणून तिचे बाळंतपण सामान्यतः लवकर उरकते. तोंड पूर्ण उघडले म्हणजे त्याची रुंदी सुमारे १० सेंटिमीटर होते आणि प्रसूतीची पहिली अवस्था संपते.

ग्रीवा सैल होऊ लागली की श्लेष्म्याचे बूच सुटते व त्याबरोबर किंचित रक्त दिसते. या चिकट, लालसर स्रावावरून प्रसूती जवळ आली असे समजावे. परंतु कळा सुरू होण्यास त्यानंतर काही तास किंवा काही दिवसही लागू शकतात.

५. तीन मापे

कळांतील बदल तीन मापांनी समजतो : दोन कळांमधील अंतर, कळेचा कालावधी आणि कळेचा जोर. पहिल्या दोहोंसाठी सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरते. अंतर मोजताना एका कळेच्या आरंभापासून दुसऱ्या कळेच्या आरंभापर्यंतचा वेळ धरावयाचा असतो. पहिली संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ धरण्याची चूक पुष्कळांकडून होते.

उदाहरणादाखल, एका रात्रीत तीन वेळा पुढीलप्रमाणे नोंदी झाल्या असे समजू.

रात्री १०.००, १०.२२, १०.३८, ११.०१ — कालावधी २०, २५, २०, ३० सेकंद.
पहाटे २.००, २.१०, २.१९, २.२९ — कालावधी ३५, ४०, ३५, ४० सेकंद.
पहाटे ५.००, ५.०५, ५.०९, ५.१४ — कालावधी ४५, ५०, ४५, ५० सेकंद.

पहिल्या ओळीत अंतरे २२, १६ व २३ मिनिटे आहेत. त्यांत मेळ नाही; एवढ्यावरून या कळा खऱ्या की सरावाच्या, हे ठरविता येणार नाही. दुसऱ्या ओळीत अंतरे १०, ९ व १० मिनिटे अशी जवळजवळ सारखी झाली आहेत आणि कालावधीही वाढला आहे. तिसरीत अंतर ४ ते ५ मिनिटांवर आले आहे. येथे शंकेस फारशी जागा उरत नाही.

याच आकड्यांवरून आणखी एक हिशेब करता येतो. पहिल्या नोंदीच्या वेळी गर्भाशय तासाभरात अवघे सव्वा मिनिट आवळलेले होते. तिसऱ्या नोंदीच्या वेळी तेच प्रमाण तासाला सुमारे दहा मिनिटे झाले. सात तासांत गर्भाशयाचे काम आठ पटींहून अधिक वाढले. तथापि अजूनही तासातील पन्नास मिनिटे विश्रांतीचीच आहेत, हे ध्यानात ठेवावे.

तिसरे माप म्हणजे जोर. विश्रांतीच्या वेळी गर्भाशयातील दाब सुमारे १० मिलिमीटर पारा इतका असतो. आरंभीच्या कळेत तो आणखी २० ते ३० मिलिमीटरने चढतो. पहिल्या अवस्थेच्या अखेरीस ही चढण ५० मिलिमीटरच्या आसपास पोचते. दाब सुमारे १० मिलिमीटरने चढला की पोट हाताला घट्ट लागू लागते. परंतु वेदना जाणवू लागते ती सुमारे १५ मिलिमीटरनंतर. पोटावर हात ठेवून बसलेल्या परिचारिकेस कळ येत असल्याचे पुष्कळदा त्या स्त्रीच्याही आधी कळते, त्याचे कारण हेच. घरी जोर अजमावण्याची साधी रीत अशी : कळेच्या ऐन भरात पोट बोटाने दाबून पाहावे. सौम्य कळेत बोट आत जाते. जोरदार कळेत पोट कपाळासारखे कठीण लागते.

६. विश्रांतीचे मोल

कळ जितकी महत्त्वाची तितकाच दोन कळांमधील अवकाश महत्त्वाचा आहे. वारेकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या गर्भाशयाच्या स्नायूंमधून जातात. कळेच्या भरात त्या दाबल्या जातात आणि वारेकडे जाणारे रक्त काही सेकंद कमी होते. कळ ओसरताच प्रवाह पूर्ववत होतो व बाळाला पुन्हा भरपूर प्राणवायू मिळतो. निरोगी बाळ हा चढउतार सहज सोसते. परंतु त्यासाठी विश्रांतीचा काळ पुरेसा असावा लागतो. दहा मिनिटांत पाचांहून अधिक कळा येऊ लागल्या, तर तो धोक्याचा इशारा मानतात.

यावरून एका घातक चालीचा विचार करणे प्राप्त होते. इंग्लंडमधील हेन्री डेल यांनी १९०६ साली पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आवळले जाते असे दाखविले. त्यातील ऑक्सिटोसिन हे द्रव्य अमेरिकेतील व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी १९५३ साली प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखून या औषधाने असंख्य मातांचे प्राण वाचविले आहेत. परंतु कळा मंद आहेत एवढ्याच कारणावरून, घरी किंवा देखरेखीवाचून, त्याचे इंजेक्शन देणे अत्यंत धोक्याचे आहे. ग्रीवा तयार नसताना गर्भाशयास बळेच जुंपले तर विश्रांतीचा अवकाश नष्ट होतो, बाळ गुदमरते आणि प्रसंगी गर्भाशय फाटते. रुग्णालयात हे औषध थेंबाथेंबाने, मात्रा मोजून आणि बाळाचे ठोके तपासत देतात, ते याचसाठी.

७. मंद टप्पा आणि वेगवान टप्पा

न्यूयॉर्कमधील इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५४ साली ग्रीवेची रुंदी आणि गेलेले तास यांचा आलेख काढला. तो सरळ रेषेत न चढता आधी दीर्घकाळ जवळजवळ आडवा राहतो व मग एकदम उभा चढतो, असे त्यांना दिसले. आडव्या भागास मंद टप्पा आणि उभ्या भागास वेगवान टप्पा म्हणता येईल. त्यांच्या निरीक्षणात पहिलटकरणीचा मंद टप्पा सरासरीने साडेआठ तासांच्या आसपास चालला. २० तासांपर्यंतचा काळ त्यांनी स्वाभाविक मानला. पूर्वी बाळंत झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत ही मर्यादा १४ तासांची होती.

पुढे अशा आलेखांवरून प्रसूतीची प्रगती नोंदविण्याचे तक्ते तयार झाले व ते भारतासह अनेक देशांत परिचारिकांच्या हाती आले. वेगवान टप्पा नेमका कोठे सुरू होतो, याविषयीचे मत मात्र बदलत गेले आहे. पूर्वी ग्रीवा ३ सेंटिमीटर उघडली की तो सुरू झाला असे धरीत. पुढे ४ सेंटिमीटर ही सीमा आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ती ५ सेंटिमीटर ठरविली. मंद टप्प्यास सर्वांसाठी एकच कालमर्यादा घालता येत नाही, असेही संघटनेने त्या वेळी स्पष्ट केले. या बदलाचा अर्थ व्यवहारात मोठा आहे. जी प्रसूती पूर्वी रखडली असे समजून औषधाने पुढे ढकलली जाई किंवा शस्त्रक्रियेने आटोपली जाई, तिच्यापैकी पुष्कळ प्रसूती वस्तुतः मंद टप्प्यातच असत. आई व बाळ यांची स्थिती चांगली असेल, तर अशा वेळी धीर धरणे हाच योग्य उपचार ठरतो.

८. घरच्या मंडळींचे काम

मंद टप्प्यातील बराचसा काळ स्त्री घरीच असते. या काळात तिने हलका आहार घ्यावा, थोडेथोडे पाणी पीत राहावे, वेळच्या वेळी लघवीस जावे, वाटल्यास चालावे, दमल्यास कुशीवर निजावे. जोर मात्र करू नये. ग्रीवा उघडण्यापूर्वी केलेला जोर फुकट जातो आणि पुढे लागणारी शक्ती आधीच खर्ची पडते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात हाच विचार आढळतो. प्रसवकाळ जवळ आलेल्या स्त्रीने मुसळ घेऊन धान्य कांडावे, असे काहींचे मत तेथे नमूद केले आहे. आत्रेयांनी ते अमान्य केले, फेऱ्या घालणे मात्र मान्य केले, आणि कळ नसताना जोर करणे व्यर्थ असल्याचे सांगितले.

रुग्णालयाकडे केव्हा निघावे, यासाठी पहिलटकरणीच्या बाबतीत एक सर्वसाधारण खूण सांगतात : सुमारे पाच मिनिटांच्या अंतराने, पाऊण ते एक मिनिट टिकणाऱ्या कळा तासभर सातत्याने येत असाव्यात. ज्यांची पूर्वी बाळंतपणे झाली आहेत, ज्यांचे घर दूर आहे किंवा ज्यांच्यावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी या खुणेची वाट पाहू नये. कळा नियमित होताच निघावे. महाराष्ट्रातील दुर्गम आदिवासी भागांत काही प्राथमिक आरोग्य केंद्रांना जोडून ‘माहेरघर’ नावाची व्यवस्था आहे. तेथे दिवस भरत आलेल्या स्त्रीला आधीच येऊन राहता येते. अंतराचा प्रश्न घड्याळाने सुटत नाही, हे जाणूनच ती केलेली आहे.

पुढील लक्षणे दिसल्यास कळांची मोजणी बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे : अंगावरून ताजे रक्त जाणे, पाणमोट फुटणे, विशेषतः पाणी हिरवट किंवा दुर्गंधीयुक्त असणे, बाळाची हालचाल मंदावणे, कळ न सुटता पोट सतत कठीण राहणे, ताप, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा झटके येणे, आणि सदतिसावा आठवडा पुरा होण्यापूर्वीच नियमित कळा सुरू होणे.

भारतात २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरापैकी सुमारे ३९ बाळंतपणे रुग्णालयात झाल्याचे दिसले होते; २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा सुमारे ८९ वर गेला. रुग्णालये, वाहने व योजना यांचा या प्रगतीत मोठा वाटा आहे. परंतु वाहन बोलवावयाचे ते केव्हा, हा निर्णय अजूनही मध्यरात्री, घरातच घ्यावा लागतो. त्या वेळी उशाशी घड्याळ, कागद आणि पेन्सिल असावी. प्रत्येक कळेची वेळ लिहावी. तो कागद रुग्णालयात बरोबर न्यावा. कळा केव्हा सुरू झाल्या, हा तेथे विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर त्या कागदावर तयार असते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सरावाच्या कळा आणि प्रसूतीच्या कळा यांतील तीन भेद सांगा.
२. प्रत्येक कळेनंतर गर्भाशयाचा वरचा स्नायू पूर्ण लांब झाला असता, तर प्रसूती पुढे सरकली असती काय? कारण द्या.
३. दर ३ मिनिटांनी ५० सेकंदांची कळ येत असल्यास गर्भाशय तासाभरात किती वेळ आवळलेले राहील?
४. कळा मंद आहेत म्हणून घरी इंजेक्शन देणे धोक्याचे का आहे?